घरच्या संगणकासाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे आणि बिघाड कसा शोधावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या बाजारात नवा अथवा वापरलेला संगणक घेतला, की दुकानदार बहुधा विचारतो, "यात काय काय टाकून देऊ?" आणि गिऱ्हाईक बहुधा सांगते, "सगळंच टाकून द्या." पुढच्या वर्षभरात संगणक हँग होणे, पडद्यावर भलत्याच जाहिराती येणे, सुरू व्हायला पाच-पाच मिनिटे लागणे अशा ज्या तक्रारी सुरू होतात, त्यांतल्या अनेकांचे मूळ या 'सगळंच' मध्ये असते. जे सॉफ्टवेअर आपण संगणकात टाकतो, तेच पुढे सांभाळावेही आपल्यालाच लागते. म्हणून या लेखात निवड आणि दुरुस्ती ही दोन कामे एकत्र घेतली आहेत. निवड नेटकी असेल, तर बिघाड शोधताना तपासण्याच्या जागाही कमी राहतात.

आधी कामे लिहा, मग सॉफ्टवेअर निवडा

एका कागदावर घरातले प्रत्येक जण संगणकावर काय करणार आहे, ते लिहून काढावे. चाळीसगाव किंवा शहाद्यासारख्या ठिकाणच्या घरात ही यादी साधारण अशी निघते: मुलीचे महाविद्यालयीन प्रकल्प आणि विद्यापीठाचे ऑनलाइन अर्ज, वडिलांच्या दुकानाचा हिशेब, सातबारा उतरवून त्याची प्रिंट काढणे, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ पाहणे, कधीमधी मराठीत एखादा अर्ज टाइप करणे. एवढ्या कामांना चार-पाच प्रोग्रॅम पुरतात. ज्या प्रोग्रॅमसमोर यादीतले एकही काम लिहिता येत नाही, तो टाकू नये.

या यादीत एक ओळ अशी असू शकते, की तिच्यामुळे बाकीची निवड आपोआप ठरते. दुकानाचा हिशेब टॅलीवर ठेवायचा असेल, तर संगणकावर विंडोजच लागते, कारण टॅली विंडोजसाठीच तयार केलेले आहे. घरातले कोणी एमएस-सीआयटीचा सराव करत असेल, तर वर्गात शिकवतात त्याच मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर तो करणे बरे; मेनूची जागा बदलली की नवशिक्याचा गोंधळ उडतो. अशी अट नसेल, तर पत्रे, तक्ते आणि सादरीकरणासाठी लिबरऑफिस घ्यावे. २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळे झालेले हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, त्याचे मेनू मराठीत करता येतात आणि वर्ड-एक्सेलच्या फायली त्यात उघडतात. मात्र गुंतागुंतीची मांडणी असलेली वर्डची फाइल त्यात थोडी सरकते आणि एक्सेलमधले मॅक्रो (ठराविक कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा) बऱ्याचदा चालत नाहीत. त्यामुळे कर सल्लागाराकडे पाठवायची फाइल एकदा त्यांच्या संगणकावर उघडून पाहून मगच हिशेब तिकडे वळवावा.

बाकीची निवड सोपी आहे. व्हिडिओसाठी व्हीएलसी पुरते. पीडीएफ फाइल कोणत्याही ब्राउझरमध्ये दिसते. डिजिटल सातबाऱ्यावरील स्वाक्षरीची पडताळणी करायची असेल, तर अॅडोबी रीडर उपयोगी पडतो. व्हायरससाठी विंडोजमध्ये मुळातच असलेला डिफेंडर घरगुती वापराला पुरेसा आहे. त्याच्या जोडीला आणखी दोन अँटिव्हायरस टाकले, तर ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंद करतात. 'पीसी क्लीनर', 'ड्रायव्हर अपडेटर', 'रॅम बूस्टर' अशा नावांची सॉफ्टवेअरे नवशिक्याने टाकूच नयेत. ती नसल्याने कोणाचे काही अडत नाही, असल्याने मात्र पुष्कळांचे अडते.

विंडोजची कोणती आवृत्ती, हा प्रश्न आता टाळता येत नाही. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली, पण तिच्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, शिवाय इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. वापरलेला संगणक घेताना "विंडोज ११ टाकलेलं आहे" एवढ्यावर विसंबू नये, कारण अटी डावलूनही ते टाकता येते आणि पुढे अद्यतनांच्या वेळी अडचण येऊ शकते. प्रोसेसरची पिढी दुकानातच विचारावी आणि बिलावर लिहून घ्यावी.

जुना संगणक चांगल्या स्थितीत असेल आणि टॅलीसारखी अट नसेल, तर विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट या प्रणालीचा विचार जरूर करावा. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत आणि त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. त्याची मोठी सोय अशी, की ते पेनड्राइव्हवरून सुरू करून, हार्ड डिस्कला हात न लावता, तासभर वापरून पाहता येते. त्या तासात वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग या चार गोष्टी तपासाव्यात. चारही चालल्या तरच, आणि आपल्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवल्यावरच, ते कायमचे टाकावे.

सॉफ्टवेअर उतरवताना ते ज्यांनी बनवले त्यांच्याच संकेतस्थळावरून उतरवावे. शोध घेतल्यावर सर्वांत वर येणारा दुवा पुष्कळदा जाहिरातीचा असतो आणि त्यावर तसे बारीक अक्षरांत लिहिलेलेही असते. अनेक संकेतस्थळांवर 'डाउनलोड' लिहिलेली तीन-चार मोठी हिरवी बटणे दिसतात. त्यातले खरे बटण बहुधा सर्वांत लहान असते. सॉफ्टवेअर बसवताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जाण्याऐवजी प्रत्येक पान वाचावे आणि सोबत येऊ पाहणाऱ्या जादा वस्तूंसमोरची खूण काढून टाकावी. 'क्रॅक' केलेल्या, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरबद्दल कायद्याचा मुद्दा तर आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी एक साधी गोष्ट पाहावी: जे सॉफ्टवेअर बसवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, त्याच्यासोबत घरात काय येते आहे हे सांगणारे कोणी उरत नाही. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्यावर हा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

मराठी टायपिंग: इथे थोडे थांबावे

मराठीसाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते, असा समज अजूनही आढळतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'वेळ आणि भाषा' या विभागात जाऊन मराठी भाषा जोडली, की टायपिंगची सोय होते. त्यात दोन कळफलक मिळतात. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे असतात. तो शिकायला थोडे दिवस लागतात, पण पुढे वेग चांगला येतो. फोनेटिकमध्ये रोमन अक्षरांनी उच्चार लिहिला की देवनागरी उमटते. विंडोजची कळ दाबून ठेवून स्पेसबार दाबला, की इंग्रजी आणि मराठी यांच्यात अदलाबदल होते. हे एवढे माहीत नसल्यामुळे अनेक जण दोन ओळींच्या अर्जासाठी झेरॉक्सच्या दुकानात जातात.

खरी अडचण जुन्या फायलींची असते. सोसायटीचे इतिवृत्त, लग्नपत्रिका, शाळेचा दाखला अशी एखादी जुनी फाइल उघडली आणि तिच्यात रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे यांची सरमिसळ दिसली, तर फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकू नये. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरीची चित्रे बसवलेली होती. तो फाँट संगणकात असला की मजकूर मराठी दिसतो, नसला की खालचे रोमन उघडे पडते. त्यामुळे वर्डमध्ये त्या मजकुरावर क्लिक करून वरच्या पट्टीत फाँटचे नाव वाचावे, तोच फाँट मिळवून बसवावा आणि मजकूर वाचता आला की युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर आणि मोबाइलवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) रूपांतर करून नवी प्रत जतन करावी. जोडाक्षरे आणि रफार रूपांतरात चुकतात, म्हणून मूळ फाइल जपून ठेवून नवी प्रत एकदा ओळीओळीने वाचावी. नवे लेखन मात्र युनिकोडमध्येच करावे, म्हणजे ते मोबाइलवरही वाचता येते आणि शोधताही येते.

ज्यांना अहिराणीत लिहायचे आहे, त्यांनी वेगळा कळफलक शोधू नये. देवनागरी तीच आहे. मराठीची शुद्धलेखन तपासणी सुरू असेल, तर अहिराणी शब्दांखाली लाल रेघा येत राहतात. नेहमीचे शब्द 'शब्दकोशात जोडा' म्हणून जोडावेत किंवा तेवढ्या फाइलपुरती तपासणी बंद करावी. सूचनेवर क्लिक करून शब्द बदलू देऊ नयेत. अशाने चांगल्या ओव्यांची वाट लागते.

बिघाड आल्यावर पहिली दहा मिनिटे

पडद्यावर आलेला संदेश बंद करण्यापूर्वी मोबाइलने त्याचा फोटो काढावा. "काहीतरी इंग्रजीत आलं होतं" या माहितीवर कोणालाच मदत करता येत नाही, फोटोवर मात्र करता येते. मग स्वतःला विचारावे, की काल-परवा काय बदलले: नवे सॉफ्टवेअर, नवा प्रिंटर, विंडोजचे अद्यतन, की लाइट जाऊन आली? यानंतर संगणक 'रीस्टार्ट' करावा. येथे एक बारकावा आहे. विंडोजमध्ये 'शट डाउन' केल्यावर 'फास्ट स्टार्टअप' या सोयीमुळे प्रणालीचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत घेतला जातो; 'रीस्टार्ट'मध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून "बंद करून चालू केलं, तरी तसंच आहे" अशी तक्रार असताना रीस्टार्टने काम होऊन जाते.

त्यानेही भागले नाही, तर एका वेळी एकच बदल करावा आणि परिणाम पाहावा. तीन उपाय एकदम केले आणि बिघाड गेला, तर कशाने गेला ते कळत नाही. आणि वाढला, तर कशाने वाढला तेही कळत नाही.

वीज, उष्णता आणि धूळ

खान्देशात संगणकाच्या तक्रारीचा शोध भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू करावा. ग्रामीण भागात शेतीपंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडते, दिवे मंद होतात आणि संगणक मध्येच रीस्टार्ट होतो. हा विंडोजचा बिघाड समजून फॉरमॅट मारून घेणारे कमी नाहीत. असे रीस्टार्ट ठराविक वेळीच होते का, त्या वेळी घरातला दिवा लुकलुकतो का, हे दोन दिवस पाहावे. डेस्कटॉपला यूपीएस असावाच. तो तासभर काम करण्यासाठी नसून चालू काम जतन करून नीट बंद करण्यासाठी असतो, आणि लेझर प्रिंटर त्यावर कधीही लावू नये.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर सॉकेटची अर्थिंग तुटलेली किंवा मुळात जोडलेलीच नसण्याची शक्यता मोठी. तीन पिनांची वायर दोन पिनांच्या बोर्डात कशीबशी बसवण्याची सवय येथे सोडावी आणि वायरमनला बोलवावे. हा बिघाड संगणकाचा नव्हे, घराचा आहे.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. आतला पंखा धुळीने आणि कापसाच्या तुसाने भरला असेल, तर प्रोसेसर तापून आपोआप वेग कमी करतो किंवा संगणक बंदच पडतो. दुपारी बंद पडणारा आणि सकाळी नीट चालणारा संगणक याच कारणाने आजारी असतो. वायर काढून, कॅबिनेट उघडून, ब्लोअरने धूळ उडवावी. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते वाऱ्याने बेफाम फिरून खराब होते. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये, कारण त्याचे श्वास घेण्याचे झरोके खालीच असतात.

संगणक मंद झाला असेल तर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क यांचे टक्के दिसतात. सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे होऊनही डिस्क शंभर टक्क्यांवरच असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर टाकून फरक पडणार नाही. तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवणे हाच उपाय, आणि जुन्या संगणकावर खर्च करायचाच असेल तर पहिला पैसा येथेच घालावा. मेमरी ऐंशी-नव्वद टक्क्यांवर अडली असेल, तर कोणता प्रोग्रॅम ती खातो ते त्याच यादीत दिसते. बहुधा ते ब्राउझरचे वीस-पंचवीस उघडे टॅब असतात. डिस्क आणि मेमरी दोन्ही ठीक असतील, तर 'स्टार्टअप' विभागात जाऊन संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल, तर व्हिडिओ दुसऱ्या ड्राइव्हवर हलवावेत.

घड्याळ चुकले की इंटरनेट का बंद पडते

ही तक्रार मोठी चमत्कारिक वाटते. वायफाय जोडलेले आहे, मोबाइलवर सगळे चालते आहे, पण संगणकावर कोणतेही पान उघडले की 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' अशा अर्थाचा इशारा येतो. अशा वेळी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. ती कित्येक वर्षे मागे गेलेली असेल, तर कारण सापडले. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. संगणकाच्या चुकलेल्या तारखेप्रमाणे ती मुदत सुरूच झालेली नसते, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. तारीख दुरुस्त केली की पाने उघडतात. वीज बंद केल्यावर तारीख पुन्हा मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला आहे. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर २०३२ क्रमांकाचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वायर काढावी, जुन्या सेलची कोणती बाजू वर होती ते पाहून ठेवावे आणि नवा तसाच बसवावा.

इंटरनेटच्या इतर तक्रारींत पहिला प्रश्न हा, की दोष संगणकात आहे की लाइनमध्ये. त्याच वायफायवर मोबाइल चालतो का पाहावे. मग मोबाइलचा हॉटस्पॉट संगणकाला जोडून पाहावे. या दोन तपासण्यांत उत्तर मिळते.

प्रिंटर आणि काळा पडदा

एक प्रिंट अडकली आणि पुढच्या सगळ्या तिच्यामागे रांगेत थांबल्या, हा प्रिंटरचा नेहमीचा आजार आहे. प्रिंटर बंद करावा, विंडोजच्या 'सर्व्हिसेस' यादीतून 'प्रिंट स्पूलर' ही सेवा रीस्टार्ट करावी, रांगेतली अडकलेली कामे रद्द करावीत आणि मग प्रिंटर चालू करावा. पुन्हा पुन्हा 'प्रिंट' दाबत राहिल्याने रांग फक्त वाढते.

पंखा फिरतो पण पडदा काळाच, असे असेल तर आधी मॉनिटरचा दिवा आणि केबल पाहावी. संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्याच्या पोर्टमध्येच हवी. पुन्हा पुन्हा बीप वाजत असेल, तर रॅम सैल झाल्याची शक्यता असते. वायर काढून रॅम बाहेर काढावी, तिच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबराने हलकेच पुसाव्यात आणि दोन्ही बाजूंची खिट्टी 'टक्' होईपर्यंत परत दाबावी. पावसाळ्यानंतर हा उपाय पुष्कळदा लागू पडतो.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र हे कोणतेच प्रयोग करू नयेत. आधी महत्त्वाच्या फायली बाहेर काढाव्यात, नंतर दुरुस्तीचा विचार करावा. खरे तर कागदपत्रे आणि फोटो यांच्या मूळ प्रतीखेरीज दोन प्रती असाव्यात आणि त्यातली एक घराबाहेर, म्हणजे शिरपूरला दिलेल्या बहिणीच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर किंवा ऑनलाइन साठवणीत असावी.

पडद्यावरचा फोन नंबर हा बिघाड नव्हे

संपूर्ण पडदाभर लाल इशारा, मोठा भोंगा आणि खाली 'ताबडतोब या नंबरवर फोन करा' असे आले, तर तो व्हायरस सापडल्याचा संदेश नसून फसवणुकीचा सापळा आहे. खऱ्या चुकीच्या संदेशात मदतीसाठी असा फोन नंबर येत नसतो. टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करावा, तो पुन्हा उघडल्यावर 'मागची पाने परत आणू का' याला नकार द्यावा. फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखे दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर कदापि टाकू नये. पैसे गेलेच असतील, तर संगणकाशी झटापट करण्यात वेळ न घालवता लगेच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेत कळवावे. जितक्या लवकर तक्रार जाते, तितकी पुढच्या खात्यातली रक्कम थोपवली जाण्याची शक्यता जास्त.

दुकानात न्यावेच लागले तर

फायलींची प्रत काढावी, ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड पुसावेत आणि खात्यांतून बाहेर पडावे. संगणक सुरूच होत नसेल, तर निदान महत्त्वाचे पासवर्ड मोबाइलवरून बदलून घ्यावेत. काढलेले फोटो दाखवावेत आणि आपण कोणते उपाय करून पाहिले ते क्रमाने सांगावे. "फॉरमॅट मारावं लागेल" असे उत्तर आले, तर दोष नेमका कशात सापडला हे विचारावे. विंडोजची फाइल बिघडली असेल, तर फॉरमॅटचा उपयोग आहे. रॅम, डिस्क किंवा वीजपुरवठा यांत दोष असेल, तर नाही. संगणक ठेवून येताना पावतीवर रॅमची क्षमता आणि डिस्कचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, बदललेला जुना भाग परत मागावा आणि घरी आणल्यावर कामांच्या यादीत नसलेले काही टाकून आले आहे का, ते विंडोजच्या प्रोग्रॅमच्या यादीत पाहून काढून टाकावे.